भरतीच्या रांगेत नवीन असाल तर आधी तारखा वाचा

2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले. त्याच्या आदल्या वर्षी तलाठ्याच्या साडेचार हजारांवर जागांना दहा लाखांवर अर्ज, आणि फी हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. हे आकडे ऐकून घरचे म्हणतात, "कशाला नादी लागतोस?" त्यांचं चुकत नाही. पण शेती परवडत नाही, एमआयडीसीत ठेकेदारामार्फत घेतात नि काही महिन्यांत ब्रेक देतात, आणि पदवी घेऊन कुठे जायचं हे कोणी सांगत नाही. म्हणून रांग. पोरांचा राग खोटा नाही. मात्र या रांगेतून सगळेच गुणांवर बाहेर पडत नाहीत. काही जण कट-ऑफच्या वर असतात आणि कागदपत्रांत चूक निघाली म्हणून बाद होतात. ते जास्त लागतं, आणि ते टाळता येतं. म्हणून अभ्यासाचं सोडून आधी त्याबद्दलच.

ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास) आणि एसईबीसी (मराठा आरक्षण) उमेदवारांना जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला लागतो, एससी-एसटीला लागत नाही, हे माहीत असेलच. चूक होते ती इथे: या दाखल्यावर दोन तारखा असतात, एक दिल्याची आणि एक वैधता संपण्याची. ती संपते बहुधा 31 मार्चला. भरतीत साधारणपणे पाहतात ते हे, की अर्जाच्या शेवटच्या दिवशी तुमच्याकडे वैध दाखला होता का. कागदपत्रं तपासण्याच्या, म्हणजे पडताळणीच्या दिवशी आहे का, हा प्रश्नच नसतो. आता जाहिरात, परीक्षा, उत्तरतालिका, हरकती, निकाल, कोर्टातली एखादी याचिका असं करत पडताळणीला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मधल्या काळात जुना दाखला संपतो. पोरगा प्रामाणिकपणे नवा काढतो, जुना 'संपलेला' म्हणून घरी ठेवतो किंवा फाडून टाकतो, आणि टेबलावर कोराकरकरीत नवा दाखला ठेवतो. नवा दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचा असतो. मागास प्रवर्गाचा दावा तिथेच संपतो. मग खुल्या प्रवर्गाच्या कट-ऑफमध्ये बसलात तर नशीब, तेही खुल्याच्या वयोमर्यादेत असाल तर.

म्हणून एकही जुना दाखला टाकू नका. प्रत्येक जाहिरातीची वेगळी फाइल करा: जाहिरातीची पीडीएफ, सगळी शुद्धिपत्रकं, भरलेला अर्ज, फीची पावती आणि त्या तारखेला वैध असलेला दाखला. संकेतस्थळावरची पीडीएफ नंतर सापडेलच असं नाही. मुदतवाढ झाली तर शुद्धिपत्रक दोनदा वाचा, कारण अर्जाची तारीख पुढे जाते पण वय आणि पात्रता मोजायची तारीख जुनीच राहू शकते.

दाखला काढताना तहसीलदारांकडून एका वर्षाचा नाही, सलग तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला घ्या. तिन्ही वर्षांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर प्रांत कार्यालयातून मिळणारं नॉन-क्रिमीलेयर तीन वर्षं चालतं. सेतूवाला 'एक वर्षाचं पटकन होईल' म्हणतो, त्याचं ऐकू नका. काढायचं ते एप्रिल-मेमध्ये, जूनमध्ये प्रवेशांची गर्दी सुरू होण्याआधी. आणि अर्जात दाखला क्रमांक विचारतात तिथे सेतूच्या पावतीचा क्रमांक टाकू नका.

रेल्वे, स्टाफ सिलेक्शन, बँका यांना राज्याचा नमुना चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. राज्यात एनटी-सी असलेला धनगर आणि एनटी-डी असलेला वंजारी उमेदवार केंद्रात ओबीसीत येतो, तिथे एनटीचा रकानाच नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटक) तसंच: केंद्र उत्पन्नाबरोबर पाच एकर शेतजमीन, हजार चौरस फुटांचा फ्लॅट वगैरे मालमत्तेच्या अटीही पाहतं.

बाकीचे कागद पटकन. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरानिशी जुळवा. नाव बदललं असेल तर राजपत्र काढा, लग्नानंतर बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही जवळ ठेवा. खेळाडूंसाठी राखीव 5 टक्के जागांतून अर्ज करणाऱ्यांनी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी अर्जाआधीच करून घ्यावी. निवड झाल्यावर पळापळ करून ती होत नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा आत्ताच शोधा. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 आणि व्हीजेएनटीला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि जुन्या जिल्हा परिषद शाळांची रजिस्टरं कोणत्या अवस्थेत असतात हे गेल्याशिवाय कळत नाही.

पोलीस भरतीला उतरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. मैदानी चाचणी 50 गुणांची, त्यात पुरुषांना 1600 मीटर 20 गुणांना, 100 मीटर आणि गोळाफेक 15-15 ला. निम्मे गुण पडले तर पात्र, पण लेखीला जागेच्या दहापटच बोलावतात. म्हणजे पंचवीस गुणांवर समाधान मानणारा बहुतेक ठिकाणी लेखीपर्यंत पोचत नाही. शिवाय एकाच पदासाठी दोन जिल्ह्यांत अर्ज टाकलात तर दोन्ही धोक्यात.

ऑनलाइन परीक्षा अनेक सत्रांत झाली की गुणांचं सामान्यीकरण होतं, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण सूत्राने एका पातळीवर आणतात. तलाठी परीक्षेत 200 पैकी 214 गुण दिसले आणि गदारोळ झाला. शंका घ्यायला जागा होती, पण सूत्रामुळे आकडा एकूण गुणांच्या वर जाऊ शकतो हेही खरं. कच्चे गुण घेऊन चहाच्या टपरीवर मेरिट लावत बसू नका.

आता शॉर्टकट. 'सेटिंग आहे' म्हणणारा माणूस पेठेत आठवड्याला एक भेटतो. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) घोटाळ्यात 7,800 हून जास्त उमेदवारांवर कायमची बंदी आली. गेलेले पैसे कोणाला परत मिळाले असतील असं वाटत नाही. 2024 पासून राज्याचा पेपरफुटीविरोधी कायदाही आहे. क्लासबद्दल माझं मत कडवट आहे: 'गॅरंटी बॅच' विकणाऱ्यापेक्षा मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अभ्यासिकेत शेजारी बसलेला, नुकताच लागलेला दादा किंवा ताई जास्त उपयोगी. टेलिग्रामवरच्या तीनशे पीडीएफ तर कोणीच उघडत नाही.

घाबरू नका, पण फक्त भरतीवर वर्षं काढू नका. आयटीआय झालं असेल तर रेल्वेची अप्रेंटिसशिप पाहा. ती पूर्ण केलेल्यांना लेव्हल-1 च्या (सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या) थेट भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना मिळतात. कॉटचं भाडं आणि मेस भागते. पण ती नोकरी नाही. मुदत संपली की घरी, आणि कायम करा म्हणून आंदोलन करणाऱ्या प्रशिक्षणार्थींना हे उशिरा कळलं. रुजू होतानाच त्या कार्यालयाकडून अनुभवाचा दाखला कोण देणार हे विचारून घ्या.

आंदोलनाला जावं का? ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, कारण राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा आणि बँक भरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी, 25 तारखेला आली होती. आयोगाने आपली परीक्षा पुढे ढकलली. ती 1 डिसेंबरला झाली. मागणी अशी नेमकी, तारखेची असेल तर जरूर जा. 'आम्हाला नोकऱ्या द्या' एवढंच असेल तर घोषणा देऊन संध्याकाळी अभ्यासिकेत परत या, आणि येताना फाइलमधल्या दाखल्याची मुदत कधी संपतेय ते बघा.