राजीनामा दिल्यावर काउंटर ऑफर आली तर

नव्या कंपनीचं ऑफर लेटर सही करून पाठवलंय, पोर्टलवर राजीनामा टाकलाय, आणि दुपारी मॅनेजरचा मेसेज येतो : 'चहाला येतोस का खाली?' इथून पुढे काय करायचं यावर नेटवर भरपूर सापडतं, पण त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या दोन आठवड्यांच्या नोटिशीच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. आपल्या पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत नोटीस साठ नाहीतर नव्वद दिवसांची. दोन आठवडे कोणीही 'नाही' म्हणेल. तीन महिने त्याच लोकांसोबत डबा खात 'नाही' म्हणत राहणं निराळं काम आहे. मी स्वतः राजीनामे दिलेत आणि पुढे टीम सांभाळताना दुसऱ्यांचे घेतलेतही, त्यामुळे काउंटर ऑफर, म्हणजे जाणाऱ्याला थांबवायला जुनी कंपनी पुढे करते तो वाढीव पगार, आत कशी शिजते ते पाहिलेलं आहे.

१. सही करण्याआधीच ठरवा

नव्या ठिकाणचा पगार इथेच मिळाला तर मी थांबेन का, असं स्वतःला विचारा. उत्तर 'हो' असेल तर राजीनामा देऊ नका, सरळ जाऊन पगार मागा. नाही दिला तर मग बाहेर बघा. 'एक ऑफर खिशात ठेव, ती दाखवून इथे वाढवून घे' हा सल्ला कॅन्टीनमध्ये फुकट मिळतो आणि त्याची किंमतही तेवढीच. असं करून थांबलात की पुढच्या एप्रिलच्या अप्रेझलला 'याला तर आत्ताच दिलंय' हे वाक्य तुमच्या नावापुढे लागतं. त्यावर भांडताही येत नाही, कारण ते खरं असतं.

ग्रॅच्युइटीची तारीखही आत्ताच बघा. सलग पाच वर्षं भरायला थोडे महिने उरले असतील तर शेवटचा दिवस त्यापलीकडे टाका. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा मूळ पगार सोडून द्यायचं काही कारण नाही.

आणि घरी बोलून ठेवा. नोटीस चालू असताना आई म्हणाली, 'एवढी मोठी कंपनी, एवढं थांब म्हणतायत तर बघ की,' तर घरातच दुसरी काउंटर ऑफर सुरू होते.

२. राजीनाम्याचा मेल

चार ओळी : राजीनामा देतोय, शेवटचा दिवस अमुक, हँडओव्हर नीट करीन, आभार. कारण लिहू नका.

३. चहाची मीटिंग

सगळी अडचण इथे आहे. मॅनेजर खडूस असेल तर काहीच जड जात नाही. त्रास चांगल्या मॅनेजरचा होतो. ज्याने तुमच्यासाठी वर भांडून ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटकडे जाऊन काम, मिळवून दिलं, वडील हॉस्पिटलमध्ये असताना रजेचा हिशेब विचारला नाही, तो कप समोर ठेवून म्हणतो, 'अरे, आधी सांगायचं होतंस ना! काहीतरी केलं असतं.' याच वाक्यापाशी माझीही जीभ पहिल्या खेपेला अडली होती. भिडस्त माणूस अशा वेळी कारणं सांगायला लागतो.

कारणं सांगायची नाहीत. का ते बघा. येण्याजाण्याचा त्रास म्हणालात, तर आठवड्यातून तीन दिवस घरून काम मिळतं. प्रोजेक्ट जुनाट आहे म्हणालात, तर 'पुढच्या क्वार्टरला तुला क्लाउडवाल्यांकडे टाकतो.' पगार म्हणालात तर विषयच संपला, आता फक्त आकडा ठरायचा. समोरचा एकेक कारण खोडत जातो आणि अर्ध्या तासाने तुमच्याकडे जायला कारणच उरत नाही. जायचं मात्र असतंच. मग अवघडून तोंडातून निघतं, 'विचार करून सांगतो.' हे अजिबात म्हणू नका. एचआरकडे त्याचा निरोप 'थांबू शकतो' असा पोहोचतो. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा मॅनेजर बोलावतो, आठवड्याने व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट), आणि दर बैठकीत तुम्ही आधी काय बोललात ते कोणीतरी तुम्हालाच वाचून दाखवतं.

त्यापेक्षा काय बोलायचं ते पाठ करून जा : 'सर, निर्णय झालाय. मी त्यांना शब्द दिलाय. हँडओव्हर कोणाकडे द्यायचा ते ठरवूया का?' बस्. 'पण का?' असं विचारलं तर 'तिथलं काम करून बघायचंय.' त्यांनी पुन्हा विचारलं की पुन्हा हेच वाक्य, याच शब्दांत. एक जरी नवं स्पष्टीकरण जोडलंत तर चर्चा पहिल्यापासून सुरू. मधे शांतता पसरली तर पसरू द्या, ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. मॅनेजरही अवघडलेला असतो. त्याला वर जाऊन 'मी प्रयत्न केला' एवढं सांगायचं असतं, ते त्याला सांगता येऊ द्या.

ऑफर लेटर दाखवायचं नाही, मेलवर तर मुळीच पाठवायचं नाही. 'मॅच करायचं तर कागद लागतो' असं गोड शब्दांत मागतात. कागद हातात पडला की पुढची सगळी बोलणी त्यावरच्या आकड्याभोवती फिरतात. नव्या कंपनीचं नाव मी शेवटच्या दिवसापर्यंत सांगत नाही. कोणाला तो आखडूपणा वाटला तर वाटो.

दुसरा सापळा कौतुकाचा. ज्या व्हीपीने इतक्या वर्षांत कधी नावाने हाक मारली नाही, तो अचानक सांगतो की तू आमच्या लीडरशिप प्लॅनमध्ये आहेस. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. त्या दुपारी आत काय चाललेलं असतं ते सांगतो. तुमच्या कामाचं बिल क्लायंटला लागतंय. तुमच्या जागी माणूस शोधायचा तर त्याचीही नोटीस नव्वद दिवसांची. शिवाय तो बाजारभावाने येणार, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्याहून महाग. त्यापेक्षा तुम्हाला थोडं वाढवून ठेवणं स्वस्त. यात कपट काही नाही, मीही हा हिशेब मांडलाय. पण तो पुढच्या दोन क्वार्टरचा हिशेब असतो, एवढं ध्यानात ठेवून कौतुक ऐका.

४. तरीही आकडा आला तर

सीटीसी, म्हणजे कंपनी सांगते तो वर्षाचा एकूण आकडा, नुसता बघू नका, फोडून बघा. समजा आज चौदा लाख आहेत, त्यांतले १.४ लाख व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारे), म्हणजे पक्के १२.६. काउंटर येते साडेअठरा लाखांची. ऐकायला जबरदस्त. पण त्यात दोन लाख रिटेन्शन बोनस, थांबल्याबद्दल एकदाच मिळणारा, आणि दोन लाख व्हेरिएबल. पक्के उरले साडेचौदा. एप्रिलमध्ये साधी दहा टक्के वाढ मिळाली असती तरी १२.६ चे १३.८६ झालेच असते. म्हणजे खरी वाढ वर्षाला ६४ हजार, महिन्याला सव्वापाच हजारांच्या आसपास, तीही टॅक्सच्या आधी. यासाठी दिलेला शब्द मोडणार का, ते तुम्ही ठरवा.

रिटेन्शन बोनसच्या पत्रातली वसुलीची अट दोनदा वाचा. वर्ष-दीड वर्षाच्या आत सोडलंत तर रक्कम परत, असं त्यात बहुधा असतं. हातात येते ती टॅक्स कापून, दीड-पावणेदोन लाख. पण अनेक पत्रांत परत मागतात ते पूर्ण दोन लाख.

५. थांबायचंच असेल तर

काउंटर घेणारे सगळे सहा महिन्यांत बाहेर पडतात असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. खरं नाही ते. थांबून पुढे छान रुळलेले लोक मी पाहिलेत. पण त्यांचं पगाराबरोबर कामही बदललं होतं आणि ते कागदावर आलं होतं. नुसत्या पैशांवर थांबलेला माणूस वर्षाच्या आत पुन्हा प्रोफाइल अपडेट करताना दिसतो, हा मात्र माझा अनुभव आहे.

मॅनेजरच्या तोंडी शब्दावर थांबू नका. तो खोटं बोलत नसतो, पण मंजुरी फायनान्सकडून यायची असते. आधी सुधारित पगाराचं पत्र, मग राजीनामा मागे घेतल्याची एचआरची लेखी मंजुरी, आणि हे दोन्ही हातात आल्यावरच नव्या कंपनीला नकार. क्रम उलटा झाला तर 'अप्रूव्हल येतंय' ऐकण्यात महिने जातात, तिकडची जागा दुसऱ्याला मिळते आणि इकडे राजीनाम्याची तारीख तशीच जवळ येत राहते. जुन्या कंपनीला आठवड्याची मुदत द्या. त्यात कागद आला नाही तर तेच उत्तर समजा.

नव्या कंपनीला नकाराचा फोन दोन्ही कागद हातात आले त्याच दिवशी करायचा. जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करून बसायची आपल्याकडे रीतच पडलीय. रिक्रूटर दर सोमवारी 'येताय ना नक्की?' म्हणून जीव खातात ते त्यामुळेच. आणि 'हे इतके देतायत, तुम्ही आणखी वाढवा' असं नव्या कंपनीला सांगायला जाऊ नका. घासाघीस सहीच्या आधी करायची. नंतर केलीत तर काही वेळा पैसे मिळतातही, पण नव्या मॅनेजरच्या मनातलं तुमचं पहिलं चित्र तेच राहतं.

६. उरलेली नोटीस

हँडओव्हर लेखी करा, दर शुक्रवारी मेलवर काय झालं ते टाका. शेवटच्या आठवड्यात एकदा पुन्हा विचारतील, आकडा किंचित वाढवून. उत्तर तेच, चहाच्या दिवशीचं.

लॅपटॉप जमा करायच्या आधी पगाराच्या स्लिपा आणि गेल्या वर्षांचे फॉर्म १६ पोर्टलवरून उतरवून घ्या, नंतर लॉगिन चालत नाही आणि एचआर मेलला उत्तर देत नाही. कंपनीचा मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवशीच संपतो. त्यात आईवडील असतील आणि मधे आठवडाभर कोकणात जाऊन मग जॉइन व्हायचा बेत असेल, तर तेवढ्या दिवसांच्या विम्याची सोय आधीच करून ठेवा.