मिडी एडिटिंगमधल्या या चुका टाळा: नोटा सुरात, तरी गाणं बेसूर

भीमजयंतीच्या आधीचे पंधरा दिवस नागपुरातल्या छोट्या स्टुडिओवाल्यांना धड जेवायलाही वेळ मिळत नाही. १४ एप्रिलच्या आत गाणं वाजायलाच हवं, मग ते कसंही करा. अशाच एका रात्री मानेवाड्यातल्या माझ्या खोलीत कूलर बंद ठेवून काम चाललं होतं, कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरते. तेवढ्यात गायकाचा फोन आला. "भाऊ, दुसऱ्या अंतऱ्यात बासरी बेसूर लागून राहिली ना."

मी फाइल उघडली, दुसऱ्या अंतऱ्यावर कर्सर ठेवला आणि वाजवून पाहिलं. बासरी सुरात होती. बासरी मिडीची होती, म्हणजे फाइलमध्ये आवाज नव्हे, कोणती नोट कधी आणि किती जोरात वाजवायची याच्या सूचना. पियानो रोलमध्ये, म्हणजे नोटा आडव्या ठोकळ्यांसारख्या दिसतात त्या खिडकीत, एकेक नोट तपासली, तीही जागच्या जागी. मी त्याला ऐकवलंसुद्धा की तुमच्या मोबाइलचा स्पीकर फाटला असेल. तो शांतपणे म्हणाला, "सुरुवातीपासून लावून पाहा ना." लावलं. दुसरा अंतरा आला आणि बासरी सरळ पाव स्वर खाली!

घोळ नोटांत नव्हताच, पियानो रोलच्या खालच्या पट्टीत होता. पहिल्या अंतऱ्याच्या शेवटी मी पिच व्हीलने, म्हणजे कीबोर्डवरच्या सूर वर-खाली ओढणाऱ्या चाकाने, मींड घेतली होती. पुढचा तुकडा नीट वाजला नव्हता म्हणून क्लिपची शेपटी कापली, आणि व्हील मध्यावर परत आल्याची नोंद नेमकी त्या शेपटीत होती. पिच बेंड, म्हणजे या चाकाची नोंद, एकेका नोटेला चिकटलेलं नसतं, ते अख्ख्या चॅनलचं, म्हणजे त्या वाद्याच्या सगळ्या नोटांचं असतं. शेवटची किंमत जी राहील तीच पुढच्या सगळ्या नोटांना लागू. बेंडच्या किमती −८१९२ ते +८१९१, मध्य शून्य. माझं बेंड −२०४८ वर अडकलं होतं. मधून वाजवलं की सुरात यायचं, कारण थांबताना सॉफ्टवेअर बेंड शून्यावर आणत होतं आणि चेस बंद होतं. चेस म्हणजे मधून वाजवतानाही मागच्या कंट्रोलर किमती (चाक, पेडल वगैरेंच्या) शोधून आधी पाठवण्याची सोय. ती चालू असती तर चूक मला पहिल्याच झटक्यात ऐकू आली असती. तेव्हा ही खूण लक्षात ठेवा: सुरुवातीपासून वाजवल्यावर चूक आणि मधून वाजवल्यावर बरोबर, असं झालं की नोटांना हात लावू नका. इव्हेंट लिस्ट, म्हणजे सगळ्या मिडी नोंदींची यादी, उघडा आणि त्या जागेच्या आधीचं शेवटचं बेंड, शेवटचं पेडल, शेवटचं मोड्युलेशन बघा.

बेंडचीच दुसरी गंमत म्हणजे रेंज, चाक पूर्ण फिरवल्यावर सूर किती सरकतो ते. बहुतेक आवाज ±२ अर्धस्वरांवर येतात, म्हणून −२०४८ म्हणजे अर्ध्या अर्धस्वराची घसरण. पण बासरी बदलून दुसरी लावली आणि तिची रेंज ±१२ निघाली, तर तीच रेघ तीन अर्धस्वरांची उडी मारते. मग लोक मींड नव्याने काढत बसतात. आधी त्या आवाजाच्या सेटिंगमध्ये रेंज ±२ करून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सस्टेन पेडल, म्हणजे सीसी ६४, हेही याच जातीचं दुखणं (सीसी म्हणजे कंट्रोल चेंज, प्रत्येक कंट्रोलरला एक क्रमांक). ० ते ६३ म्हणजे पाय उचललेला, ६४ ते १२७ म्हणजे दाबलेला. मुखड्याचा पियानो कॉपी करून तिसऱ्या कडव्यात चिकटवला आणि तुकड्यात 'दाबला' आला, 'उचलला' मागे राहिला, की पुढे सगळा राडा. क्वांटाइझचा, म्हणजे नोटा ग्रिडच्या (तालाच्या समान रेघांच्या) जवळच्या रेघेवर आपोआप बसवण्याचा, त्रास आणखी लपलेला असतो. कॉर्ड थोडा घाईने वाजवलेला असतो. क्वांटाइझ त्याला पुढे ग्रिडवर सरकवतं, पण पेडल जुन्याच जागी राहतं आणि आधीचा कॉर्ड नव्यात ओढत आणतं. तुम्ही रिव्हर्ब कमी करता, ईक्यू फिरवता, आणि कालवाकालव तशीच. नोटा सरकवताना कंट्रोलरही बरोबर घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. क्यूबेस या सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटो सिलेक्ट कंट्रोलर्स', रीपर या सॉफ्टवेअरच्या मिडी एडिटरमध्ये 'सीसी सिलेक्शन फॉलोज नोट सिलेक्शन'. पहिल्या दिवशीच चालू करून टाका.

आता दादरा. गाणं ४/४ मध्ये उघडून दादऱ्याच्या मात्रा ट्रिपलेटमध्ये बसवलेल्या असतात, आणि ग्रिड मात्र नेहमीच्या १/१६ वर. एका ठोक्यात ४८० टिक (सॉफ्टवेअरचं वेळेचं बारीक माप) धरा. ट्रिपलेटच्या नोटा ०, १६० आणि ३२० वर हव्यात. १/१६ च्या रेघा ०, १२०, २४०, ३६० वर. क्वांटाइझ दाबलं की १६० ची नोट १२० वर आणि ३२० ची ३६० वर. ढोलकी लंगडायला लागते आणि 'वाजवणाऱ्याचा हात कच्चा' असं आपणच म्हणतो. ग्रिड ट्रिपलेटवर न्या, आणि तिथेही ताकद शंभर टक्के देऊ नका. मी ५० ते ६० वर थांबतो. नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीत संदल, म्हणजे तिथलं ढोलवादन, ऐकलाय ना? त्यातला एक तरी ठोका ग्रिडवर बसतो का? तरी पाय थांबत नाहीत.

माझी स्वतःची लाजिरवाणी चूक सांगतो. गायिकेला काळी एक जमेना, काळी दोन हवी होती. मी सगळं सिलेक्ट केलं आणि दोन अर्धस्वर वर ढकललं. वाजवलं तर किकच्या जागी स्नेअर! ड्रमच्या ट्रॅकवर प्रत्येक नोट म्हणजे वेगळं ड्रम, आणि जनरल मिडीच्या ठरलेल्या मांडणीत किक ३६ वर, स्नेअर ३८ वर असतो. ३६ मध्ये दोन मिळवले की काय होणार? बंद हाय-हॅट ४२ वरून ४४ वर, म्हणजे पायाच्या हाय-हॅटवर गेला. व्हायोलिनच्या प्लगिनमध्ये (सॉफ्टवेअर वाद्यात) अगदी तळाच्या पट्ट्या सुरासाठी नसतात, त्यांनी वाजवण्याची पद्धत बदलते, त्याही सरकल्या आणि लांब सुरांच्या जागी तुटक फटके आले. सूर बदलताना ड्रमचा ट्रॅक आणि या तळाच्या पट्ट्या वगळूनच सिलेक्शन करा.

आवाज लहानमोठा करण्यात तर बहुतेकांची गल्लत होते. व्हेलॉसिटी म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते, एकेका नोटेची. सीसी ७ म्हणजे चॅनलचा एकूण आवाज, तो मिक्सिंगसाठी राखून ठेवा. ओळीच्या आत आवाज फुलवायचा-ओसरवायचा असेल तर सीसी ११. सीसी ७ ने चढउतार काढले की नंतर फेडर (मिक्सरची आवाज कमीजास्त करणारी दांडी) हलवला तरी पुढच्याच रेघेला तो परत जागेवर उडी मारतो. आणि स्ट्रिंग्सच्या कित्येक लायब्ऱ्यांत लांब सुरांचा जोर सीसी १ वर, म्हणजे मोड्युलेशनवर चालतो. तिथे व्हेलॉसिटी १२७ केली तरी काही फरक पडत नाही, मोड्युलेशनची पट्टी रिकामी आहे का ते आधी बघा.

एखादी नोट मध्येच तुटते? त्याच पट्टीवर दोन नोटा एकमेकींवर चढल्या असतील. पहिलीचा 'नोट ऑफ' दुसरीलाही मारतो. तंतोतंत एकावर एक असतील तर दिसतही नाहीत, आवाज मात्र पोकळ होतो. डिलीट ओव्हरलॅप्स, डिलीट डबल्स, विषय संपला. दुसऱ्याकडून आलेली फाइल एक सप्तक चुकली वाटते? ६० क्रमांकाच्या नोटेला कुठे सी ३ म्हणतात, कुठे सी ४. फोनवर नाव सांगू नका, क्रमांक सांगा.

ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी एक जुनी गोष्ट. पाच पिनांच्या मिडी केबलचा वेग १९८३ पासून तोच, सेकंदाला ३१,२५० बिट. एका संदेशाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. कॉम्प्युटरवर माउसने गुळगुळीत रेघ ओढली की शेकडो किमती तयार होतात. प्लगिनला त्याचं काही वाटत नाही, पण केबलमागचा जुना कीबोर्ड त्या गर्दीत नोटा उशिरा वाजवतो. रेघ विरळ करा, कानाला फरक कळत नाही.

त्या रात्रीनंतर माझ्या प्रत्येक फाइलचा पहिला बार, म्हणजे तालाच्या मोजणीतला पहिला खंड, नोटांविना असतो. त्यात प्रत्येक ट्रॅकवर बेंड शून्य, सीसी ६४ शून्य, सीसी १ शून्य, सीसी ११ ला १२७ एवढंच ठेवतो. ज्या स्ट्रिंग्सचा जोर सीसी १ वर चालतो, तिथे सीसी १ ला हवी ती सुरुवातीची किंमत. गाणं दुसऱ्या बारपासून. हेच सगळं प्रत्येक कडव्याच्या तोंडाशीही टाकतो, आणि ते पहिल्या नोटेच्या किंचित आधी, कारण एकाच टिकवर असलं की कोण आधी पोचेल याचा भरवसा नाही. गायकाला रात्री दीडला नवी फाइल पाठवली. त्याचं उत्तर आलं: "आता बरोबर लागून राहिली. ढोलकी थोडी मोठी करता का?"