आरसी विमान हातातून सोडण्याआधी या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडची नवी पोरं पंख मोडलेलं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचं सांगणं एकच असतं, "भाऊ, वाऱ्याने पाडलं." विमान हातात घेऊन पाहिलं की बऱ्याचदा वाऱ्याचा काही दोष नसतो. बॅटरी चार बोटं मागे बसवलेली असते, नाहीतर एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा पत्रा, उलटा चालत असतो. अशा विमानाचं पडणं ते हातातून सुटण्याआधीच ठरलेलं असतं. घरी खाटेवर विमान ठेवून दहा मिनिटं तपासलं असतं, तर महिनाभराची मेहनत वाचली असती. ते पाहून खरंच जीव हळहळतो.

सगळ्यात महागात पडते ती तोलाची चूक. साध्या सरळ पंखाच्या ट्रेनर (शिकण्यासाठीच्या) विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवा. पंख 20 सेंटिमीटर रुंद असेल, तर पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटिमीटर. तिथे पंखाखाली दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा. बॅटरी, प्रॉप (पुढचा पंखा), सगळं जागेवर बसवून दोन तर्जन्यांवर विमान उचला. ते आडवं राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं, तर ठीक. शेपूट खाली गेली, तर त्या दिवशी उडवू नका. मागे जड असलेलं विमान सुटताच नाक वर काढतं, वेग संपतो आणि पंख लुळा पडल्यासारखं ते एका बाजूला कोसळतं. तिथे कितीही चांगला हात असला, तरी सावरत नाही. नाकात वजन चिकटवण्याआधी बॅटरी पुढे सरकवून पाहा. सनबोर्डचं (कडक फोम शीटचं) विमान आधीच जड असतं, त्यात आणखी भर नको. तोल जुळला की बॅटरीच्या जागेवर मार्करने रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी घाईत ती दुसरीकडे बसणार नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या विमानाचे एलेरॉन मी नाकासमोर उभं राहून तपासले. समोरून पाहताना विमानाचा उजवा पंख आपल्या डाव्या हाताला येतो, हे लक्षातच आलं नाही. विमान सुटलं, जरा डावीकडे कललं. मी रिमोटची स्टिक उजवीकडे दिली, तर ते आणखी डावीकडे गेलं. मी आणखी उजवीकडे दिली. दोन सेकंदांत ते पाठीवर होऊन हरभऱ्याच्या शेतात आपटलं. तेव्हापासून मी कायम विमानाच्या शेपटीमागे उभा राहतो. स्टिक ज्या बाजूला, त्या बाजूचा एलेरॉन वर उठला पाहिजे. एलिव्हेटरची स्टिक पोटाकडे ओढली, की शेपटीचा आडवा पत्रा वर. रडर, म्हणजे शेपटीचा उभा पत्रा, स्टिकच्याच बाजूला. उलटं चालत असेल, तर ट्रान्समीटरमध्ये (हातातल्या रिमोटमध्ये) सर्व्हो, म्हणजे पत्रे हलवणारी छोटी मोटर, रिव्हर्स करा. ही तपासणी फक्त पहिल्या दिवशी करून चालत नाही, प्रत्येक वेळी मैदानावर करायची.

टेबलावर काम करताना प्रॉप काढूनच ठेवा. इलेक्ट्रिक मोटर बोटाला अडकून थांबत नाही, जास्त करंट ओढते आणि चिरत राहते. आधी ट्रान्समीटर चालू, मग विमानाची बॅटरी; बंद करताना आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद. प्रॉप काढलेलाच असताना मोटर थोडी फिरवा आणि ट्रान्समीटर बंद करून पाहा. मोटर थांबली नाही, तर फेलसेफ (सिग्नल तुटताच मोटर बंद करणारी सोय) लागलेलं नाही, ते लावल्याशिवाय मैदानावर जाऊ नका. मोटर उलटी फिरत असेल, तर ईएससीकडून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटकडून) येणाऱ्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. प्रॉपवरची अक्षरं उडण्याच्या दिशेला तोंड करून हवीत. उलटा बसवला, तर मोटर जोरात फिरेल, पण पुरेशी ओढ मिळणार नाही.

आता आपल्याकडच्या उन्हाबद्दल. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 वर जातो. बंद गाडीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत तर त्याहून जास्त. तिथे ठेवलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, कितीही पैसे गेले तरी. वापर नसेल तेव्हा प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा, 4.2 वर भरून आठवडाभर कपाटात नको. 2200 एमएएचची बॅटरी 2.2 अँपिअरने, बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), समोर बसून चार्ज करा. उड्डाणानंतर सेल 3.7 च्या खाली दिसला, तर पुढच्या वेळी टायमर एक मिनिट कमी करा. शिवाय हिवाळ्यातल्या 15 अंशांच्या पहाटेपेक्षा 44 अंशांची हवा जवळपास 9 टक्के विरळ असते. तेच विमान उन्हाळ्यात दुपारी जड वाटतं, त्यात वावटळीही. ग्लू गनने चिकटवलेला मोटर माउंट उन्हात सैल होतो, तो स्क्रूने बसवा. नवशिक्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी नऊच्या आतच उडवावं.

जागा निवडताना गव्हा-हरभऱ्याचं कापणी झालेलं रान चांगलं, पण शेतमालकाला विचारून. पऱ्हाट्या उभ्या असतील तिथे नको. त्यांचे खुंट फोमचा पंख आरपार फाडतात. केळीच्या बागेजवळ तर अजिबात नको. पानांखाली गेलेलं विमान दोन तास शोधून सापडत नाही. विजेच्या तारेत अडकलं, तर काठीने ओढायचं नाही, वीज खात्याला कळवायचं. जळगावचा विमानतळ चालू आहे, म्हणून डिजिटल स्कायचा (ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटचा) नकाशा आधी पाहा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हिरव्या पट्ट्यातही (परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागात) मर्यादा 400 फूट, आणि विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फूट.

उडवताना मूठभर माती उडवून वारा पाहा आणि वाऱ्याच्या तोंडावर, पाऊण थ्रॉटल (मोटरचा जोर) देऊन, सरळ आडवं फेका. आकाशाकडे फेकू नका. पहिलं वळण घेण्याआधी निंबाच्या झाडाच्या तिप्पट उंची घ्या. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटतं. तेव्हा जो पंख खाली दिसेल, त्या बाजूला स्टिक द्या, ते सावरेल. हळू होऊन नाक लटपटलं, तर स्टिक ओढायचा मोह आवरा. आधी नाक खाली, मग थ्रॉटल.

आणि पडलंच, तर धावत जाऊन थ्रॉटल ढकलून पाहू नका. आधी थ्रॉटल शून्यावर, मग बॅटरीचा प्लग काढा. प्रॉपला चीर दिसली, तर तो टाकून द्या. सर्व्होची दांडी हाताने हळू फिरवून आतले दाते शाबूत आहेत का पाहा. बॅटरीला खोक पडली असेल, तर ती घरात नेऊ नका. बाहेर मोकळ्या मातीवर, वाळलेल्या गवतापासून लांब, अर्धा तास राहू द्या आणि धूर किंवा ऊब जाणवते का, यावर नजर ठेवा.