ग्रुप सोडताय? परत आत ओढणाऱ्या या चुका टाळा

परभणीत मी अभ्यासिका चालवतो. सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेडकडची लेकरं इथं खोली करून राहतात आणि तलाठी, पोलीस भरती, एमपीएससीची तयारी करतात. "सर, तो टेलिग्रामचा ग्रुप सोडला आज," असं कुणी ना कुणी येऊन सांगतंच. चार-आठ दिवसांनी तेच लेकरू त्याच ग्रुपात कटऑफवरून भांडत असतं. पहाटे येऊन जागा धरणाऱ्या पोरांना मनाचं कच्चं म्हणायला मी तयार नाही. त्यांची सोडायची पद्धत चुकते.

ग्रुप काय देत होता, ते न बघताच सोडणं

सगळ्यात मोठी चूक ही. माणूस ॲप उडवतो, पण ज्यासाठी तिथं जात होता ती गरज तशीच राहते. दावं तोडलं तरी जनावर संध्याकाळी त्याच गोठ्यात येतं, कारण चारा तिथं आहे.

एका मुलीला मी सांगितलं, आठवडाभर ग्रुप सोडू नकोस. फक्त फोन उचललास की वहीच्या मागच्या पानावर वेळ लिही आणि कशासाठी उचलला ते लिही. तिला वाटत होतं आपण डाऊट विचारायला जातो. वही उघडली तर डाऊटच्या नोंदी अगदी थोड्या. बाकी सगळ्या रात्री मेसवरून आल्यानंतरच्या, आणि पुढं एकच कारण: 'कुणी बोलतंय का बघायला.' गावाकडं भरल्या घरात वाढलेलं लेकरू इथं दहा बाय दहाच्या खोलीत एकटं. तो ग्रुप म्हणजे तिच्या रात्रीच्या गप्पा होत्या. मग जेवण झालं की तिघी मुली अभ्यासिकेच्या ओट्यावर बसून चालू घडामोडी एकमेकींना विचारायला लागल्या. निम्मा वेळ गप्पाच होतात, होऊ द्या. ग्रुप त्यानंतर सुटला.

तुमचं कारण वेगळं असेल. कुणाला दुपारी तीनची पेंग असते: लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर पंखे तेवढे चालू, एकच ओळ तीनदा वाचून झालेली. त्याला उठून तोंडावर पाणी मारणं, फेरी मारून येणं पुरतं. कुणाला तिथं मान मिळत असतो. गणिताचं उत्तर टाकलं की "दादा, भारी समजावलं" म्हणून दहा जण लिहितात. घरी मात्र "अजून किती वर्षं?" एवढंच विचारतात. अशा पोराला नुसतं 'फोन ठेव' म्हणणं मला पटत नाही. त्याला शेजारच्या बाकावरच्या दोघा-तिघांना गणित शिकवायला बसवा.

निरोपाची पोस्ट टाकणं

"मित्रांनो, आजपासून रजा घेतो, काही चुकलं-माकलं असेल तर माफी असावी." हे लिहिलं की उत्तरं येणारच. कोण काय म्हणालं ते बघायला तुम्ही जाणारच. कुणीतरी "थांब ना भाऊ" म्हणतं आणि विषय संपतो. गुपचूप निघा. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून ग्रुप सोडला तर सूचना फक्त ॲडमिनला जाते. मात्र त्या आधी ज्या चार माणसांशी खरोखर जीव लागलाय त्यांचे नंबर घ्या आणि त्यांना वेगळं सांगा. माणसं तुटतील या भीतीनं अडकलेले मी खूप बघितलेत. जवळची माणसं ग्रुपाबाहेरही फोन उचलतात.

'नुसतं बघतो, बोलत नाही'

म्यूट करून आत राहणारे आणि बाहेर पडून ब्राउझरमधून डोकावणारे, दोघांचं एकच. टेलिग्रामचा सार्वजनिक ग्रुप सदस्य न होताही वाचता येतो, सार्वजनिक चॅनल तर ब्राउझरमध्येही उघडतं. त्यामुळं 'लेफ्ट झालो' म्हणजे सुटलो असं नसतं. सेव्ह केलेल्या लिंका, सर्च हिस्टरी, ब्राउझरमधला पासवर्ड हेही काढा. फेसबुकवर खातं कायमचं डिलीट करायला टाकलं तरी ३० दिवसांत पुन्हा लॉगिन करून ते परत मिळवता येतं, म्हणून तो महिनाच जास्त जपायचा. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये आपल्याला ग्रुपात कोण ॲड करू शकतं ते ठरवता येतं. तिथं 'सगळे' असेल तर बदला, नाहीतर कुणीही अनोळखी माणूस उचलून पुन्हा आत टाकेल. वेळेची मर्यादा लावणाऱ्या टायमरवर मात्र फार विसंबू नका. आपणच लावलेला टायमर आपणच दोन टिचक्यांत उठवतो.

डोकावण्याची सवय इतकी चिवट का, हे स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांवरच्या प्रयोगांतून कळतं. चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकर थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. ग्रुपात शंभर मेसेज फालतू आणि एखादाच कामाचा, म्हणूनच तो सुटत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: दाणा बंद झाला की सुरुवातीला चोच मारणं कधीकधी उलट वाढतं. पहिल्या काही दिवसांत ओढ जास्त वाटली, तर आपल्याला जमत नाही असा अर्थ काढू नका.

निकालाच्या दिवसाची तयारी नसणं

एरवी सुटलेली लेकरं उत्तरतालिका आली की हमखास परततात. 'हा प्रश्न रद्द होणार', 'कटऑफ इतका लागणार' यात रात्र जाते. जाहिरात, उत्तरतालिका, निकाल, सगळं आयोगाच्या किंवा भरती करणाऱ्या विभागाच्या संकेतस्थळावर येतं, हरकतही तिथं सांगितल्याप्रमाणं रीतसर नोंदवायची असते. त्या दिवशी संकेतस्थळ कधी बघायचं, कुणासोबत बसून गुण मोजायचे आणि त्यानंतर कुठं जायचं, हे आदल्या दिवशीच ठरवा. पेपर अवघड गेला असेल तर त्या रात्री खोलीत एकटं राहू नका. गावी जा, नाहीतर मित्राला बोलवा. बोलायला कुणीच नसेल आणि जीव फार घाबरा होत असेल, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

एकदा गेलो म्हणजे सगळं गेलं

दारूच्या व्यसनावर काम केलेल्या ॲलन मार्लॅट यांनी हे नेमकं मांडलंय. एका घसरणीपेक्षा तिच्यानंतरचं 'आता काय, झालंच वाटोळं' हे मनातलं बोलणं माणसाला खाली नेतं. रात्री तासभर ग्रुपात गेला असाल तर वहीत वेळ आणि कारण लिहा, पुन्हा बाहेर पडा, सकाळी नेहमीच्या वेळेला जागेवर या. दिवस मोजत बसू नका. मोजणी मोडली की मन लगेच मोकळं सुटतं.

तुम्हीच ॲडमिन असाल तर

तुमचं जाणं थोडं आधीपासून आखावं लागेल. व्हॉट्सॲपवर एकमेव ॲडमिन बाहेर पडला की दुसरा कुणीतरी आपोआप ॲडमिन होतो, तो माणूस कसा असेल सांगता येत नाही. म्हणून भरवशाच्या दोघांना आधीच ॲडमिन करा. टेलिग्रामवर मालकी दुसऱ्याच्या नावे करायला टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून किमान ७ दिवस झालेले असावे लागतात, तेव्हा ते आजच सुरू करून ठेवा. नोट्सच्या फायली आणि जुन्या प्रश्नपत्रिका नव्या माणसाकडं सोपवा. नाहीतर "सर, ती फाईल कुठंय?" म्हणून रोज कुणीतरी तुम्हाला आत बोलावत राहील.