अंडी घालायच्या खोक्यात कोंबड्यांसाठी काय अंथरावं?

अंडं घालताना कोंबडी तळाला टेकून बसलेली नसते. शेवटच्या क्षणी ती पाय ताणून अर्धवट उभी राहते आणि अंडं खाली पडतं. त्या वेळी ते ओलसर असतं. कवचावरचा पातळ थर वाळायला काही मिनिटं लागतात. वाळल्यावर तोच थर कवचातली हजारो बारीक छिद्रं झाकून ठेवतो. शिवाय अंडं बाहेर येतं ते कोंबडीच्या अंगाइतकं गरम, साधारण ४१ अंश सेल्सिअस. निवताना आतला ऐवज आकसतो आणि छिद्रांमधून थोडी हवा आत ओढली जाते. अंडं ओल्या घाणीत पडलेलं असेल, तर हवेबरोबर जंतूही आत जातात. नंतर कितीही पुसलं-धुतलं तरी ते बाहेर निघत नाहीत.

म्हणून खोक्यातल्या अंथरुणाकडून मला दोनच गोष्टी हव्या असतात: पडणारं अंडं झेलण्याइतका मऊपणा आणि कोरडेपणा. दोन्हींतून एक निवडायची वेळ आली तर कोरडेपणा.

१. आधी खोका तपासा

काय अंथरायचं याचा विचार करण्याआधी खोक्याची जागा पाहा. कोंबडी रात्री झोपायला नेहमी सगळ्यात उंच जागा शोधते. खोका बसायच्या दांडीपेक्षा उंच असेल, तर ती खोक्यातच झोपेल आणि रात्रभर तिथेच शिटेल. मग कितीही चांगलं अंथरूण घातलंत तरी सकाळी ते खराबच. खोका दांडीपेक्षा खाली घ्या, त्याचं छप्पर चांगलं उतरतं ठेवा म्हणजे वर कुणी बसणार नाही. तलंगांना, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्यांना, खोक्यात झोपायची सवय लागलीच असेल, तर काही दिवस संध्याकाळी खोक्याचं तोंड फळीने बंद करा आणि उजाडायच्या आत उघडा.

मध्यम आकाराच्या कोंबडीला लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३० सेंटिमीटर पुरते. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका ठेवावा. पुढच्या बाजूला १० ते १२ सेंटिमीटर उंचीची आडवी पट्टी हवीच. ती नसेल तर कोंबडी उकरून सगळं अंथरूण दुपारपर्यंत जमिनीवर आणते.

२. साहित्य निवडा

रंध्याखाली निघणाऱ्या लाकडाच्या ढलप्या ही माझी पहिली पसंती. ओल शोषतात, दबून सपाट होत नाहीत, आणि घाण झालेला भाग मुठीने उचलून टाकता येतो. ढलप्या मऊ लाकडाच्या, वाळलेल्या आणि मोठ्या असाव्यात. रंग, पॉलिश किंवा वाळवीचं औषध लावलेल्या लाकडाच्या नकोत. प्लायवूडच्याही नकोत, त्यात डिंक असतो. सीडरसारख्या उग्र वासाच्या लाकडाच्या ढलप्या टाळा. त्यातली तेलं कोंबडीच्या श्वासनलिकेला त्रास देतात. करवतीखालचा बारीक भुसा ही वेगळीच गोष्ट आहे. तो ओल शोषतो खरा, पण धूळ फार उडते, ओल्या अंड्याला थर चिकटतो आणि काही कोंबड्या तो दाण्यासारखा टिपतात. खोक्यात भुसा नकोच.

दुसरं साहित्य म्हणजे पेंढा. गव्हाचं काड आतून पोकळ असतं, त्यामुळे झेलायला उत्तम. कोंबडी त्यात गोल फिरून मनासारखा खळगा करते, आणि असा खळगा करता येणं तिला आवडतं. पण काडाचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने ओल शोषली जात नाही, खाली झिरपते. शिवाय त्या पोकळीत किड्यांना लपायला जागा मिळते. पेंढा वापरायचा तर पाच ते आठ सेंटिमीटरचे तुकडे करून वापरा आणि ढलप्यांपेक्षा लवकर बदला. खाली ढलप्या, वर मूठभर पेंढा, असं मिश्रण दोन्हींचे गुण देतं.

पेंढा आणि वाळलेलं गवत यांत गल्लत होते. गवतात ओलावा आणि पोषण दोन्ही जास्त, म्हणून बुरशीही लवकर धरते. लांब पाती कोंबडीने गिळली तर गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत त्यांचा गोळा होऊ शकतो. दुसरं काहीच नसेल तर गवत पूर्ण वाळवून, बारीक कापून वापरा.

भाताचा तूस हलका आणि कोरडा असतो, पण फारसं शोषत नाही आणि पायाखालून सरकतो. तळाचा थर म्हणून ठीक. कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या ओल्या झाल्या की लगदा होऊन अंड्याला चिकटतात, आणि चकचकीत छापील कागद तर मुळीच नको. वाळूत धक्का झेलला जात नाही. सुकलेली पानं दोन-चार दिवसांत चुरा होतात.

रबर किंवा प्लास्टिकच्या चटया धुता येतात, उकरल्या जात नाहीत आणि किड्यांना आसरा देत नाहीत. नुसत्या चटईवर बसायला मात्र काही कोंबड्या तयार होत नाहीत. वर पातळसा ढलप्यांचा थर दिला की बहुतेक जणी मान्य करतात.

३. हातात घेऊन पाहा

मूठभर साहित्य घट्ट दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे. परत उन्हात टाका. नाकाशी धरून वास घ्या, पण जरा अंतरावरून: कुबट वास म्हणजे बुरशी. बुरशी लागलेल्या पेंढ्यातून ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू कोंबडीच्या फुप्फुसात जाऊन बसतात, आणि माणसालाही ते चांगले नाहीत. असा पेंढा वाळवून वापरायचा विचार करू नका, टाकून द्या. शेवटी मूठ उघड्यावर झटका. धुळीचा ढग उठला तर बंद खोक्यात तोच ढग कोंबडी रोज हुंगणार आहे.

४. भरा

तळाला पुठ्ठ्याचा तुकडा घाला. बदलताना सगळं एकत्र ओढून काढता येतं. त्यावर ८ ते १० सेंटिमीटर थर पसरा, कोपऱ्यांत थोडा जास्त. मधोमध तळहाताने हलका खळगा करा आणि दाबून पाहा. तळाची फळी हाताला लागली तर अंड्यालाही लागेल.

तलंगा साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या झाल्या की पहिली अंडी येतात. त्याआधीच खोका भरून त्यात एक खोटं अंडं किंवा गोल्फचा चेंडू ठेवा. जागा सुरक्षित आहे अशी त्यांची समजूत होते आणि जमिनीवर अंडी घालायची सवय लागत नाही. साहित्य बदलायचं असेल तर एकदम बदलू नका. जुन्यात नवं मिसळत जा, नाहीतर कोंबड्या खोका सोडून कोपरे शोधतात.

५. रोज आणि अधूनमधून

बहुतेक अंडी सकाळच्या वेळात येतात. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा अंडी उचला, आणि त्याच वेळी शीट पडलेला भाग काढून तेवढंच नवं घाला. अंडं फुटलं असेल तर आजूबाजूचं सगळं अंथरूण लगेच काढा. एकदा बलकाची चव कळली की कोंबडी स्वतःची अंडी फोडायला शिकते, आणि ती सवय मोडणं फार कठीण.

दोन ते चार आठवड्यांनी खोका पूर्ण रिकामा करा. दमट हवेत किंवा अमोनियाचा वास आला तर त्याआधीच. रिकाम्या खोक्याच्या सांध्यांकडे नीट पाहा. तांबडे माइट दिवसा तिथे लपतात, रात्री कोंबडीचं रक्त पितात, आणि उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात त्यांची नवी पिढी तयार होते. शंका असेल तर अंधार पडल्यावर दांडीच्या खालून पांढरा कागद घासा. लाल रेघा उमटल्या तर माइट आहेत. नुसतं अंथरूण बदलून ते जात नाहीत. फटी धुऊन, वाळवून, पशुवैद्याने सांगितलेलं औषध मारावं लागतं. लॅव्हेंडर किंवा पुदिन्याच्या सुक्या पानांनी खोक्याला छान वास येतो, पण माइट त्याने हटत नाहीत. किडे मारायला डायटोमेशियस अर्थची (सूक्ष्म शेवाळांच्या जीवाश्मांच्या मातीची) पूड टाकणारे बरेच आहेत; तिची बारीक धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून मी अंथरुणात घालत नाही.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी खोका अडवून बसली असेल तर तिला वेगळ्या जागी हलवा, नाहीतर तिच्या अंगाखालचं अंथरूण बदलायचं राहूनच जातं.

काढलेलं अंथरूण कंपोस्टच्या ढिगात घाला. ते पूर्ण कुजायच्या आत भाजीच्या वाफ्यात पसरू नका. ताज्या शिटेत पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू असू शकतो आणि तिच्यातल्या नत्राने कोवळी मुळंही जळतात.