झाडीतला डिस्क गोल्फ : या चुका टाळा, आणि कुठलं झाड लागलं ते आधी बघा

अमेरिकेतल्या शार्लटच्या पाइनच्या झाडीत मी पहिल्यांदा टीवरून (पहिली फेक जिथून करतात ती जागा) डिस्क फेकली, तेव्हा ती १०-१२ मीटरवरच्या खोडावर आपटून उलटी आली आणि माझ्याच पाठीमागे जाऊन पडली. एक थ्रो खर्च करून मी बास्केटपासून आणखी लांब गेलो होतो. मागच्या गटातले लोक हसले नाहीत, कारण सगळ्यांचंच कधी ना कधी असं झालेलं असतं.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. गोल्फसारखंच सगळं, फक्त चेंडूच्या जागी डिस्क आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट; कमीत कमी थ्रोंत डिस्क तिच्यात टाकायची. पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ साली कॅलिफोर्नियात झाला. नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट मात्र झाडीतल्या कोर्सेससाठी ओळखलं जातं. २०१२ची व्यावसायिक जागतिक स्पर्धा इथेच झाली आणि पॉल मॅकबेथ पहिल्यांदा जगज्जेता झाला तो इथेच. अर्ध्या-पाऊण तासावर रॉक हिलला विन्थ्रॉपचं मैदान आहे. तिथे तळं आणि दोऱ्या, दोरीपलीकडे गेलात की दंडाचा एक थ्रो. झाडाला लागली म्हणून दंड नसतो. झाड तुमची जागाच काढून घेतं, आणि ते जास्त महाग पडतं.

‘झाडात नव्वद टक्के हवाच असते’

प्रत्येक कोर्सवर हे म्हणणारा एक जण भेटतोच. गंमत म्हणून ठीक आहे, पण त्यावर विसंबून फेकू नका. डिस्क साधारण २१ सेंटिमीटर रुंद असते आणि तिला एका फटीतून नाही, मागोमाग येणाऱ्या पाच-सहा फटींतून जायचं असतं. समजा, २० मीटरवर दोन पाइनमध्ये अडीच मीटरची गॅप आहे. डिस्कची रुंदी वजा केली तर मधोमध धरलेल्या नेमाच्या दोन्ही बाजूंना साधारण सव्वातीन अंशांची सूट उरते. तीच गॅप १० मीटरवर असती तर सूट जवळपास दुप्पट झाली असती. म्हणून टीवर उभं राहिल्यावर सगळ्यात जवळच्या झाडाची भीती बाळगण्यापेक्षा ‘सूट सगळ्यात कमी कुठे आहे’ ते शोधा. बहुतेक वेळा ती जागा थोडी पुढे असते. नेम तिथे धरायचा.

आणि नेम धरायचा तो मोकळ्या जागेवर. स्कूटर शिकताना खड्ड्याकडे बघितलं की चाक खड्ड्यातच जातं, तसंच हे. मी तर गॅपच्या पलीकडचं एखादं वेगळ्या रंगाचं पान किंवा दूरचं खोड निवडतो आणि बाकीची झाडं नाहीतच असं समजतो.

ड्रायव्हरचा मोह

आमच्या शनिवारच्या गटात एक काका आहेत, वय पासष्टच्या पुढे. ७० मीटरच्या होललाही (टी ते बास्केट हा एक होल) पिशवीतून पटर, म्हणजे जवळच्या फेकीची संथ डिस्क, काढतात. एकदा मी म्हटलं, “काका, ड्रायव्हर (लांब पल्ल्याची वेगवान डिस्क) काढा की!” ते म्हणाले, “कशाला? ड्रायव्हर बघून झाडं बाजूला होणार आहेत का?” त्या दिवशी ते आमच्यापेक्षा चार थ्रो कमी खेळले.

डिस्कवर चार आकडे असतात : वेग, तरंगणं, टर्न (वेगात असतानाचं वळण) आणि फेड (वेग कमी झाल्यावरचं शेवटचं वळण). इनोव्हाच्या डिस्ट्रॉयरवर १२, ५, -१, ३ असे आकडे असतात, तर डिस्क्राफ्टच्या बझवर ५, ४, -१, १. शेवटचा आकडा बघा. फेड ३ म्हणजे उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क शेवटी जोरात डावीकडे वळणार. त्यात १२ वेगाच्या डिस्कला तेवढा जोर लागतो. तो नसेल तर ती सरळ जायच्या आधीच वळायला लागते. मोकळ्या मैदानात हे खपून जातं. झाडीत १२ मीटर रुंदीच्या फेअरवेवर (टीपासून बास्केटपर्यंतची मोकळी वाट) डिस्क ८ मीटर डावीकडे सरकली की खेळ खलास. शिवाय वेगाने गेलेली डिस्क खोडावरून उसळते तीही झुडपात लांबवर.

कुठलं झाड लागलं?

लोक नुसतं “झाड लागलं” म्हणतात आणि पुढे चालू लागतात. मला तर वाटतं, कुठलं झाड लागलं त्यातच निदान असतं. पुढचं सगळं उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी आहे. फोरहँडला बाजू उलट्या करा.

सुरुवातीचंच उजवीकडचं झाड लागत असेल तर डिस्क हातातून उशिरा सुटते आहे. मूठ फार घट्ट असते, किंवा जोर लावायच्या नादात हात छातीभोवती गोल फिरतो. धावत येऊन फेकणं बंद करा, जागेवर उभं राहून सत्तर टक्के जोराने फेका. पुढचा पाय कुठे पडतो तेही पाहा.

सुरुवातीचं डावीकडचं झाड लागलं तर डिस्क लवकर सुटली. बऱ्याचदा ओल्या हातामुळे होतं हे. शार्लटचा उन्हाळा म्हणजे घामाची आंघोळ, पिशवीला टॉवेल लटकवलेला हवाच.

डिस्क सरळ गेली आणि बास्केटच्या जवळ येऊन डावीकडचं झाड लागलं, तर नेम आणि हात दोन्ही बरोबर होते, चुकली ती डिस्कची निवड. कमी फेडची डिस्क घ्या किंवा किंचित अ‍ॅन्हायझर द्या, म्हणजे बाहेरची कड जरा वर ठेवून फेका. इथे बरेच जण पुढच्या वेळी नेमच उजवीकडे सरकवतात आणि मग पहिलं उजवं झाड लागायला लागतं. मग ते फेक बदलतात. महिनाभर हे चालतं.

आणि वरची फांदी लागली तर डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर होतं. झाडीत छत असतं हे नवख्यांना सुचतच नाही. गुडघ्याच्या उंचीवरून, नाक खाली ठेवून फेका. पाइनच्या सुक्या सुयांवर डिस्क चांगली घसरत पुढे जाते, त्याचाही फायदा मिळतो.

अडकल्यावर शौर्य

माझा सात थ्रोंचा पार तीन (तीन थ्रोंत संपायला हवा असा होल) ऐका. टीवरून पहिलं झाड, डिस्क डावीकडच्या झुडपात. तिथून बास्केटच्या दिशेला ताटाएवढी एक खिडकी दिसत होती. उजवीकडे फेअरवेवर जायला दरवाजाएवढी जागा होती. मी खिडकी निवडली. खोड लागून डिस्क आणखी आत गेली. पुन्हा खिडकी, पुन्हा खोड. चौथ्या थ्रोला मुकाट्याने फेअरवेवर आलो, पाचव्याला बास्केटपाशी पोहोचलो, आणि चिडलेला असल्यामुळे ४ मीटरचा पट (बास्केटमध्ये टाकायची जवळची फेक) चुकवला. दुसराच थ्रो बाजूला काढला असता तर चारात सुटलो असतो.

बाहेर काढण्याचा थ्रो वेगळा शिकावा लागतो. गुडघा टेकून फोरहँड, पाय फाकून केलेला छोटा पिच, जमिनीवरून पळवलेला रोलर. अंगणात दोन बादल्या तीन पावलांच्या अंतरावर ठेवून हे तीन प्रकार घोटले तर स्कोअर ड्रायव्हरच्या सरावापेक्षा लवकर खाली येतो.

झुडपातला नियमही माहीत हवा. पाय मार्करच्या (डिस्क पडली तिथली खूण) मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब अशा चौकोनात ठेवायचा असतो. मधे आलेली जिवंत फांदी हाताने किंवा पाठीने दाबून धरून जागा केली तर एक थ्रोचा दंड. फेकताना हात लागून फांदी हलली तर चालतं.

पानं आणि वेली

पॉयझन आयव्हीला बेलासारखीच तीन-तीन पानं असतात, फक्त ही महादेवाला वाहायची नाहीत. मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब, एवढी खूण पुरे. पानं गळलेल्या वेलीनेही पुरळ उठतं, आणि तिचं तेल डिस्कवर राहतं. घरी आल्यावर डिस्कही साबणाने धुवा. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. इथले कॉपरहेड साप हुबेहूब पाचोळ्याच्याच रंगाचे असतात.

डिस्क हरवली तर शोधायला तीन मिनिटं मिळतात, मग दंडाचा एक थ्रो. म्हणून वळणाच्या होलवर कोणीतरी एक जण पुढे जाऊन उभा राहतो. आणि ऑक्टोबरमध्ये नारिंगी, लाल, पिवळी डिस्क घरी ठेवा. स्वीटगमची पानं नेमकी त्याच रंगांची होतात. भडक गुलाबी किंवा निळी न्या. माझी एक नारिंगी बझ तिथे कुठेतरी आहे. पानं कुजून गेली, फेब्रुवारीतही दोनदा जाऊन पाहिलं, अजून सापडलेली नाही.