ट्रायपॉडची पारख दुकानातच करा
खोक्यावर ‘८ किलो पेलतो’ छापलेला ट्रायपॉडही लांब लेन्स लावली की थरथरतो. म्हणून खरेदीला जाताना आपला कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स सोबत न्या.

१. पाय पूर्ण उघडा, मधली दांडी खालीच ठेवा.
२. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) १० पट मोठा करून लेन्सवर हलकी टिचकी मारा. चित्र एक-दोन सेकंदांत स्थिरावलं पाहिजे.
३. बॉलहेड (ट्रायपॉडचा गोळ्यावर फिरणारा वरचा भाग, ज्यावर कॅमेरा बसतो) तिरकं करून आवळा, कॅमेऱ्याखाली हात ठेवून कॅमेऱ्यावरची पकड सोडा. फ्रेम जराही खाली सरकली तर ते हेड नकोच, कितीही स्वस्त असो.

बजेट बेताचं असेल तर कार्बन फायबरचा मोह सोडा. अ‍ॅल्युमिनियमचे जाड पाय घ्या, वाचलेले पैसे हेडवर घाला.

वाऱ्यात मधल्या दांडीखालच्या हुकाला बॅग अडकवाल तेव्हा ती जमिनीला टेकू द्या. लोंबकळणारी बॅग झोके घेत ट्रायपॉडच हलवते.